ट्विनहॅमची गळती

पाहुणे यायला तीन दिवस उरले, तेव्हा संजीवला गाडीखालच्या काळ्या डागाची लाज वाटू लागली. एरवी सुदामा नगरातल्या त्यांच्या अंगणात ही ट्विनहॅम गाडी वर्षानुवर्षं ऑइल गाळत उभी होती. इंग्लंडात एका बापाने दोन मुलांना हाताशी धरून, शेडमध्ये अशा जेमतेम सत्तर स्पोर्ट्‌सकार बनवल्या आणि कारखान्याला टाळं ठोकलं. त्यातली एक संजीवच्या वडिलांनी, कृष्णरावांनी, तरुणपणी गिरणीच्या साहेबाकडून घेतली. आता नव्वदीत त्यांना एकच ध्यास होता: ट्विनहॅम क्लबच्या नोंदवहीत आपली गाडी चढावी. ती तपासायलाच पुण्याहून क्लबचे सुजय परांजपे येणार होते.

"बाबा, देशातलं सगळ्यात साफ शहर आपलं, अन् आपल्याच दारात हा कीचड?"

"गाडीला हात लावू नको," कृष्णराव म्हणाले.

संजीवने अर्थातच लावला. जवळच्या हातोद गावाहून मेकॅनिक मनीषला बोलावलं. मनीषचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. त्याने गाडीखाली डोकं घातलं.

"भिया, इंजनखालचा डब्बाच सड़ गया है. ट्रॅक्टरचा कापून बसवतो. एक बूंद टपकली तर नाव बदल देना."

खरोखरच एकही थेंब टपकला नाही. संजीवने फरशी तीनदा घासली.

परांजपे आले आणि विजेरी घेऊन थेट गाडीखाली शिरले.

"इथे तर ऑइलचा थेंबही नाही."

"बिलकुल नाही जी," संजीव फुशारला.

"इंजिनखालचं हे ऑइलचं भांडं कुठलं?"

"ट्रॅक्टरचं."

"गाडीचा कारखान्यातला नंबर मूळ भांड्यावर ठोकलेला असतो. नंबराची वेगळी पट्टी परवडत नव्हती बनवणाऱ्यांना. ते कुठाय?"

संजीवने मनीषला फोन लावला. भांडं भंगारात गेलं होतं, आणि भंगार कालच भट्टीत. कृष्णराव खुर्चीत बसून नुसते गाडीकडे बघत होते. त्यांनी एखादी शिवी घातली असती, तर संजीवला बरं वाटलं असतं.

"नंबर नाही, तर नोंद नाही," परांजपे गाडीखालून म्हणाले. मग बराच वेळ ते बाहेरच येईनात. "पण ही गळती आजवर कुणालाच थांबवता आली नाही हो. कंपनी बुडाली ती हिच्यापायी. कुणी केलं हे?"

मनीषचा पत्ता घेऊन, चहाला न थांबता परांजपे हातोदला गेले. संध्याकाळी मनीषचाच फोन आला. क्लबने त्याला मानद सल्लागार केलं होतं, नोंदवहीत फोटोसकट.

संजीवने भीत भीत वडिलांना सांगितलं.

"नोंद झाली, की सुखाने डोळे मिटणार होतो," कृष्णराव म्हणाले. "आता थांबणं आलं."