दांडगोबाचा घसा

पोखर्णीच्या ग्यानबाचा घसा बसला आणि नशीब उघडलं.

तापानं त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा झाला होता. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर त्यानं नुसतं "च्या द्या, साखर जास्तीची" म्हटलं, तर बाजूचा चष्मेवाला गृहस्थ ताडकन उठला. त्याचं नाव जीवन. तो टीव्हीसाठी कार्टूनची विनोदी मालिका बनवत होता. तिच्यातल्या दांडगोबा नावाच्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूसाठी त्याला असाच आवाज हवा होता.

"मामा, आवाज असाच राहील ना?"

"ऱ्हाईल की! त्याला काय हुतंय?"

पहिला भाग त्याच दिवशी रेकॉर्ड झाला. पण दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि तिसऱ्या सकाळी ग्यानबाच्या गळ्यातून स्वच्छ आवाज निघाला. साठ वर्षांत 'गप बसा' म्हणणारे त्याला पुष्कळ भेटले होते, 'बोला' म्हणणारा जीवन हा पहिलाच. त्यानं उरलेल्या गोळ्या शेळ्यांच्या पेंडीच्या पोत्यात खुपसल्या. चार दिवसांत घसा पुन्हा बसला, तोही आधीपेक्षा झकास! दुसरा भागही पार पडला.

"अवो, गोळ्या घ्यायलाव ना?" बायको कोंडाबाई विचारायची. ग्यानबा नुसती मान डोलवायचा.

मालिका लागली त्या संध्याकाळी अख्खी आळी त्याच्या घरात जमली. पडद्यावर मिशीवाला हिरवा दांडगोबा दंड थोपटत आला आणि ग्यानबाच्या आवाजात गरजला, "सात दिसाच्या गोळ्या दोन दिसात सोडतो, त्यो माझा जावाई! त्याच्याच घरी राहून मी पैलवान झालोय!"

लोक हसून लोळले. शेजारीण चांगुणाबाई म्हणाली, "भावजी, लय खरं वाटायलंय की! जसं काय सोताचंच सांगायलाव."

कोंडाबाई तेवढी हसली नाही. ती उठून शेळ्यांना पेंड घालायला गेली आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊनच परतली.

"ह्ये काय वो, जावाईबापू?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला. "मामा, औषध अर्धवट सोडलं की उरलेले जंतू निबर होतात. आधीच्या गोळ्या आता लागू पडतीलच असं नाही." त्यांनी तपासणी करून औषध बदललं. कोंडाबाई रोज समोर बसायची. गोळी गिळल्यावर जीभसुद्धा वर करून दाखवावी लागायची. शेवटच्या गोळीपर्यंत ग्यानबाचा आवाज घंटेसारखा खणखणीत झाला. नेमका तेव्हाच जीवनचा फोन आला.

"हॅलो, ग्यानबामामांना द्या."

"मीच हाय की."

"थट्टा नको हो. उद्या रेकॉर्डिंग आहे."

ग्यानबानं खोकून पाहिलं, घसा खरवडून पाहिला. जंतू काही येईना. कोंडाबाईनं फोन हिसकावला.

"तुमच्या जंतूपायी माज्या मानसाचा घसा नासवायचाय व्हय? पुन्ना घरात घुसू देनार न्हाई मी त्याला! येऊ तर द्या, असा चेंगरते की नाव घेनार न्हाई!"

सगळं मुसळ केरात गेलं, असं ग्यानबाला वाटलं.

"मामी," जीवन हळूच म्हणाला, "मालिकेत दांडगोबाला हरवणाऱ्या गोळीच्या आवाजाचं काम आहे. कराल?"

हल्ली दर मंगळवारी दोघं एसटीनं परभणीला जातात. रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेपलीकडे कोंडाबाई अशी कडाडते की नवा दांडगोबा घाबरून आपली वाक्यं विसरतो. बाहेर बाकावर ग्यानबा तिची पिशवी मांडीवर घेऊन बसतो आणि शेजारच्याला कौतुकानं सांगतो, "आमची मंडळी हाय ती. घरी बी अशीच बोलती."