पांढऱ्या डोक्याच्या भारीटाचं अपहरण

“युरोप खंडातली सर्वांत तीक्ष्ण नजर, उत्तर ध्रुवाइतकं थंड डोकं आणि ज्याचं एकही प्रकरण सुटायचं राहिलं नाही असा माणूस.” खासगी गुप्तहेर हालवार्ड त्वेइतेचं हे वर्णन त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर आहे आणि ते लिहिलंय खुद्द हालवार्ड त्वेइतेनं. वर्णन तसं खरंच आहे. आजवर प्रकरणं आली तीन. पहिल्यातली चोरीला गेलेली सायकल त्याची स्वतःचीच होती आणि तो तिच्यावरच बसून तक्रार द्यायला गेला होता. उरलेली दोन याहून सोपी होती.

मी राग्नहिल, त्याची शेजारीण. सहा वर्षांपूर्वी त्यानं ताडलं की माझ्याकडे गाडी आहे. त्याच्या हयातीतला तेवढाच एक अचूक निष्कर्ष. तेव्हापासून मी त्याची सहायक.

नाताळानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही बोटीनं एका बेटावर गेलो ते मात्र मामासाठी. तोर्लाइफमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं फेरीबोट चालवली आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी पाहिले. वहीत दोनशे नव्व्याण्णव प्रकारचे झालेत. उजवा डोळा तीन वर्षांपूर्वी गेला, डाव्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी. डॉक्टर म्हणाले, बरा होईलही, नाहीतर नाही होणार.

“तीनशेवा तेवढा माझ्या डोळ्यानं बघू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे,” मामा म्हणाला. सायबेरियातून वाट चुकलेला पांढऱ्या डोक्याचा भारीट, चिमणीएवढा पक्षी, तीन दिवस त्या बेटावर दिसत होता. मी गाइड ठरवली. हालवार्डला कुणीच बोलावलं नव्हतं. गाडीचं दार उघडलं तर तो पुढच्या सीटवर बसलेला.

गाइड सुनिवा धक्क्यावरच उभी होती. “उजेड साडेतीनपर्यंत, बोट चारला. आणि नियम एकच. दुर्बीण कुणाच्या घराकडे वळवायची नाही.”

हे काही सांगायला नको होतं. आमच्याकडे खिडक्यांना पडदे नसतात. म्हणून तर दुसऱ्याच्या खिडकीकडे बघायचं नसतं. आग लागलेली दिसली तरी आम्ही आधी घसा खाकरू.

पक्षी दिसलेलं शेत एका पिवळ्या घराच्या समोरच होतं. कुंपणाला टेकून, घराकडे शिस्तीत पाठ करून आम्ही उभे राहिलो. दहा वाजले. अकरा वाजले. शेतात बर्फ, बर्फात बांध आणि बांधावर एक कावळा.

“संशयास्पद,” हालवार्ड म्हणाला.

“कावळा?”

“शांतता! राग्नहिल, हे अपहरण आहे.” त्यानं भिंग काढून बर्फातले ठसे पाहिले. “चार पाय, मऊ तळवे. बोका! पण एकटा नाही. त्याला कुणीतरी पढवलंय.”

“बोक्याला?”

“पाठीशी टोळी आहे.”

मामा दुर्बिणीतून डोळा काढत नव्हता. थंडीनं डोळ्याला पाणी येत होतं. तो पुसायचा आणि पुन्हा लावायचा. मला त्याच्याकडे बघवेना.

साडेबाराला हालवार्डनं टोळी रद्द केली आणि सुनिवावर संशय घेतला. “पक्षी कधी नव्हताच! गिऱ्हाईक मिळावं म्हणून हिनं तो रचला.”

“परवा चाळीस जणांनी बघितलाय,” सुनिवा म्हणाली.

“चाळीस साथीदार!” हालवार्डनं वहीत नोंदलं. मग मानेमागे हात घालून काहीतरी काढलं. “हे बघ. धान्याची फोलपटं. सकाळपासून माझ्या कॉलरमध्ये पडताहेत. टोपीवरही आहेत. वारा मागून येतोय. याचा अर्थ काय?”

“काय?”

“कुणीतरी पुरावा माझ्या अंगावर पेरतंय. मला अडकवायला.” फोलपटं त्यानं पाकिटात भरली आणि पाकिटाला नंबर दिला.

तेवढ्यात मागे काचेवर टकटक झाली. आम्ही चौघंही अर्थातच वळलो नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला एक म्हातारी हात हलवताना दिसली. मी सभ्यपणे आभाळाकडे बघितलं.

“हाकलतेय आपल्याला,” हालवार्ड कुजबुजला. “तिला काहीतरी लपवायचंय.”

“मग बघ की वळून.”

“कुणाच्या घरात बघू? मी गुप्तहेर आहे, असंस्कृत नाही!”

एकला टकटक झाली. दोनला झाली. तीनला तर तिनं बहुतेक पातेलं वाजवलं. आम्ही आणखी ताठ झालो. उजेड झरझर उतरत होता. मामानं दुर्बीण खाली घेतली.

“राहू दे गं पोरी,” तो म्हणाला. “दोनशे नव्व्याण्णव काही कमी नाहीत.”

मला रडूच फुटलं. हालवार्ड म्हणाला, अश्रू हाही पुरावा असतो. मी त्याला गप्प बस म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो बसला.

आणि मागे दार धाडकन उघडलं. सपाता घातलेली म्हातारी पायरीवर येऊन कडाडली, “माणसं आहात की खांब? तीनदा कॉफी गरम केली! त्या पांढऱ्या टाळूच्या पाखरासाठीच आला आहात ना? सकाळपासून माझ्या पेंढीवर बसलंय, आणि तुम्ही त्याच्याकडेच पाठ करून उभे!”

आम्ही वळलो. ओसरीच्या खांबाला ओटची पेंढी बांधली होती. नाताळात पाखरांसाठी जशी दर दारात बांधतात, तशीच. खाली फोलपटांचा सडा होता. पेंढी मात्र रिकामी. म्हातारीच्या ओरडण्यानं पाखरू भुर्रकन उडालं होतं.

“गेला,” मामा म्हणाला.

“जातो कुठे? हावरट मेला. या आत,” म्हातारी म्हणाली. तिचं नाव बोर्गहिल्ड. तिनं मामाला हाताला धरून खिडकीपाशी बसवलं आणि पुढ्यात वॅफल ठेवलं. “काचेला नाक लावलंत तरी चालेल. घर माझं आहे.”

तीन वाजून वीस मिनिटं झाली. कुणी चावतही नव्हतं. पेंढी हलली. आधी एक पिवळा भारीट उतरला. त्याच्यामागून तांबूस गळ्याचा, टाळूवर पांढरा पट्टा असलेला एक उतरला आणि मामाच्या नाकापासून दोन हातांवर ओट सोलायला लागला.

मामाचा हात दुर्बिणीकडे गेला आणि तिथेच थांबला. तो नुसता बघत राहिला. गालावरून पाणी वाहत होतं, पण या वेळी त्यानं पुसलं नाही.

“मी सकाळीच म्हटलं होतं,” हालवार्ड वॅफल संपवत म्हणाला, “धागेदोरे या घरापर्यंत जातात. फोलपटं पाकीट क्रमांक चार.”

“ते पाकीट इकडे दे,” बोर्गहिल्ड म्हणाली. “पाखरांचंय ते.”

मामानं वही उघडली. त्याच्या वहीत रकाने आहेत. तीनशे, पांढऱ्या डोक्याचा भारीट. ‘कुणी दाखवला’च्या खाली त्यानं लिहिलं, बोर्गहिल्ड. हालवार्डनं मान लांब करून दोनदा वाचलं. शेवटचा रकाना ‘कशातून पाहिला’. तिथे वरपासून खालपर्यंत दुर्बीण, दुर्बीण, दुर्बीण असंच आहे. मामानं जरा थांबून, पुसट दिसत होतं म्हणून अक्षरं मोठी काढत लिहिलं, डोळ्यानं.