मागे एक, पुढे एक

त्या सकाळी मास्तरांनी एक अगदी साधा निर्णय घेतला. रस्ता पायाखालचा असला, तरी फोनला विचारत जायचं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बत्तीस वर्षं ते बसमध्ये तिकिटं देत उभे राहिले, आणि बसमध्ये कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात. निवृत्त झाले तरी नाव चिकटून राहिलं. या बत्तीस वर्षांत त्यांनी ड्रायव्हरची मान मागून इतकी पाहिली होती, की आयुष्यात एकदा तरी आपल्या हातात स्टिअरिंग यावं, ही त्यांची एकच इच्छा उरली होती. म्हणून एकोणसाठाव्या वर्षी ते गाडी शिकले आणि साठाव्या वर्षी त्यांनी गाडी घेतली. (शिकवणाऱ्याने नंतर काही दिवस रजा काढली, पण त्याला घरचीही कारणं असतील.)

गेल्या महिन्यात त्यांनी सोसायटीच्या फाटकाला धक्का दिला. फाटक बंद होतं ही मास्तरांच्या मते फाटकाची चूक होती, पण त्यांच्या लेकीला ते पटलं नाही. लेक एकशे ऐंशी किलोमीटरवर राहते आणि तिथून बापाला धाकात ठेवते. तिने निक्षून सांगितलं, "बाबा, या रविवारी आईला घेऊन नव्या घरी या. नीट आलात तर ठीक. वाटेत काही गोंधळ केलात तर गाडीची किल्ली माझ्याकडे, आणि गाडी विकायची." ती बोलते तसं करते, हे मास्तरांना चांगलं माहीत होतं. (हा गुण तिने आईकडून उचलला.) म्हणून या प्रवासात चूक होऊ द्यायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि म्हणूनच फोन.

फोनमधली बाई मोठी अदबीने बोलत होती. पुढच्या चौकात डावीकडे वळा, म्हणाली की मास्तर "हो" म्हणत आणि वळत. पन्नास मीटरवर उजवीकडे, "हो, हो." असं दहा-बारा वेळा झालं. शेजारी बसलेली बायको आधी नुसती बघत होती. मग ती म्हणाली, की या रस्त्यावर तुम्ही बारा वर्षं बसबरोबर फिरलात, इथला खड्डा न् खड्डा तुम्हाला पाठ आहे, आणि आता हिला विचारताय? मास्तर म्हणाले, की हिच्याकडे ताजी माहिती असते.

"असेल," बायको म्हणाली. "पण अडतीस वर्षांत माझ्या एका बोलण्याला तुम्ही पहिल्या फटक्यात हो म्हणाला नाहीत. तिला बघा, वाक्य संपायच्या आत हो."

मास्तरांनी इथे गप्प बसायला हवं होतं. पण ते म्हणाले, की ती कशी मुद्द्याचं तेवढंच बोलते.

बायकोने गाडी बाजूला घ्यायला लावली. ती उतरली, मागचं दार उघडून मागे बसली, आणि जाहीर केलं की आता लेकीचं घर येईपर्यंत आपल्या तोंडाला कुलूप. तुम्हाला बोलायला बाई आहेच.

मागच्या सीटवर आधीपासून बायकोचं शिवणयंत्र बसलं होतं. लेकीच्या नव्या घराचे पडदे ती स्वतःच शिवणार होती, आणि दुसऱ्याच्या मशीनवर तिचा हात बसत नाही. मशीन जुनं, लोखंडी, लाकडी झाकणाचं. ते इतकं जड होतं, की सीटवर ठेवताच गाडीला वाटलं कुणीतरी माणूस बसलं. या गाडीची खोडच तशी. समोरच्या पडद्यावर गाडीचं छोटं चित्र येतं. सीटवर वजन आलं आणि पट्टा लावला नाही, तर तिथे तांबडा दिवा लागतो आणि गाडी कोकलायला लागते. पट्टा लावला की दिवा हिरवा. म्हणून मास्तरांनी निघतानाच मशीनला पट्टा बांधला होता. बायकोने वर आपली शाल पांघरली होती, धूळ बसू नये म्हणून. मशीनची अशी सगळी व्यवस्था झाली होती.

मास्तरांना तो पडदा फार आवडे. उभ्या आयुष्यात त्यांनी प्रत्येक थांब्यावर डोकी मोजली होती. कुणी लघवीला उतरलंय, कुणी चहाला, कुणी उगीच. मोजल्याशिवाय त्यांनी कधी गाडी निघायची डबल बेल दिली नाही आणि त्यांचा एकही प्रवासी कधी मागे राहिला नाही. नव्या कंडक्टरांनाही ते हेच शिकवत, आणि निरोप समारंभात साहेबांनी हे भाषणात सांगितलं होतं. आता ते काम गाडी आपणहून करते म्हटल्यावर त्यांना निवृत्तीचं खरं सुख त्या हिरव्या दिव्यांत दिसू लागलं.

नव्वद किलोमीटरवर पेट्रोल पंप आला. मास्तर टाकी भरून हवा बघायच्या मशीनपाशी गेले. चारही चाकांत हवा सारखी हवी आणि त्यात ते कुणाचं ऐकत नाहीत. तेवढ्यात बायको उतरून पंपामागच्या स्वच्छतागृहात गेली. एरवी तिने सांगितलं असतं, पण तोंडाला कुलूप होतं. मास्तर परत आले, बसले, पट्टा लावला आणि पडद्याकडे पाहिलं. पुढे एक हिरवा, मागे एक हिरवा. एकूण दोन. निघालो किती जण, दोन. आरशात शालही दिसली. मास्तरांनी तोंडानेच दोनदा "टिंग टिंग" केलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.

आता बायको मागे असताना तिथे दोन दिवे असायचे, एक तिचा आणि एक मशीनचा, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण मास्तर कंडक्टर. त्यांच्या लेखी सामान म्हणजे प्रवासी नव्हे, आणि एकूण बरोबर आल्यावर त्या दिवशी त्यांनी पुढे बघितलंच नाही. तेव्हा बायको पंपावर आणि मशीन गाडीत, अशी वाटणी होऊन मास्तर मोठ्या समाधानाने पुढे निघाले.

दहा किलोमीटर शांततेत गेले. मग मास्तरांना ती शांतता बोचू लागली. त्यांनी आरशात बघून विचारलं, की काच खाली करू का. उत्तर नाही. गाणी लावू का, तेही नाही. तेवढ्यात मागे बायकोच्या पर्समधला फोन वाजू लागला.

"अगं, तुझा फोन," मास्तर म्हणाले.

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मास्तर चकितच झाले. रागावली तर ती बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण फोनसुद्धा उचलत नाही, म्हणजे या वेळी प्रकरण फारच पुढे गेलं होतं. फोन तिसऱ्यांदा वाजला. (फोन पंपाच्या ऑफिसातून बायकोच करत होती. मास्तरांचा नंबर तिला पाठ नव्हता, स्वतःचा आणि लेकीचा होता, पण लेकीला कळलं तर किल्ली गेली. आपला फोन गाडीत वाजेल आणि हे उचलतील, असा तिचा भाबडा हिशेब.)

मग मास्तरांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. गाडीचा वेग कमी केला आणि समोर बघत, अडखळत बोलू लागले. "तुझं बरोबर आहे. तू काही म्हटलंस की मी आधी नाहीच म्हणतो. का म्हणतो, मलाही माहीत नाही. दिवसभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका करून घरी यायचो, त्यामुळे असेल. पण तू नसतीस तर मी कुठल्या थांब्यावर उतरलो असतो देव जाणे." आरशातली शाल खड्ड्यामुळे जराशी हलली. मास्तरांना वाटलं तिने डोळे पुसले. त्यांनाही भरून आलं आणि त्यांनी तिची आणखी तीन-चार गोष्टींबद्दल माफी मागून टाकली. त्यातली एक तर लग्नातली होती.

पंप मागे पडून पन्नास किलोमीटर झाले, तेव्हा लेकीचा फोन आला आणि तिचा आवाज गाडीभर घुमला.

"बाबा, आई कुठंय?"

"मागे बसलीय."

"बाबा, नीट सांगा."

"नीटच सांगतोय. रुसलीय. पण आता निवळतेय जरा."

लेक सावकाश म्हणाली, "आईचा आत्ता मला फोन आला होता."

मास्तरांनी आरशात पाहिलं. शाल जागच्या जागी. आपल्या पाठीमागे बसून ही लेकीशी बोलली आणि आपल्याला चाहूलही लागली नाही, हे कसं झालं? ते म्हणाले, की तिचा फोन तर मघापासून नुसता वाजतोय, तिने हातसुद्धा लावला नाही.

"तिचा फोन गाडीतच आहे. ती पंपाच्या ऑफिसातून बोलत होती."

"कुठल्या पंपाच्या?"

"जिथे तुम्ही तिला सोडून आलात त्या."

मास्तरांना काही सुधरेना. लेक एक सांगत होती आणि गाडी दुसरंच दाखवत होती. मागे एक, पुढे एक. बत्तीस वर्षांत त्यांची मोजणी कधी चुकली नव्हती. ते म्हणाले, "अगं, पडद्यावर दिसतंय ना मला. तिने पट्टासुद्धा लावलाय."

"बाबा," लेक म्हणाली, "गाडी बाजूला घ्या आणि मागे वळून बघा."

मास्तरांनी सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, उतरले, मागचं दार उघडलं. शाल उचलली. खाली लाकडी झाकण. त्यांनी शाल परत ठेवली आणि थोडं थांबून पुन्हा उचलली. लेक फोनवरून विचारत होती, की कोण आहे. शेवटी मास्तर म्हणाले, "मशीन."

बायको त्या उन्हात, पर्स नाही, फोन नाही, अनोळखी माणसांत एकटी, हे एकदम डोळ्यांसमोर आलं आणि किल्ली-बिल्ली सगळं विसरून त्यांनी गाडी वळवली. फोनमधली बाई मागे वळा, मागे वळा म्हणत राहिली. मास्तरांनी तिला पहिल्यांदाच "नाही" म्हटलं आणि फोन बंद करून टाकला. सगळी वाट ते मघाचं बोलणं मनात घोळवत होते, म्हणजे बायको भेटल्याबरोबर तेच पुन्हा म्हणता येईल.

पंपावरच्या मॅनेजरने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्हीच ते का?" त्याने विचारलं. बाई तासभर खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांना पाणी दिलं, चहा दिला, तिकिटाला पैसे दिले. मग बस आली. कंडक्टरला त्यांनी सगळं सांगितलं, त्याने पुढची सीट दिली, आणि निघण्याआधी गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन दोनदा माणसं मोजली. मॅनेजरने हे दोनदा जरा मुद्दाम सांगितलं, असं मास्तरांना वाटलं.

मास्तर लेकीच्या दारात पोचले तेव्हा दुपार टळून गेली होती. दोन्ही हातांनी मशीन पोटाशी धरून, घामाघूम. बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, जेवूनखाऊन. तिला धडधाकट पाहून मास्तरांना इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. पंपापर्यंत मागे जाताना आणि पुन्हा येताना घोकलेलं सगळं त्यांच्या ओठांशी आलं. पण लेक आणि जावई समोर उभे. मास्तर म्हणाले, "मशीनला धक्कासुद्धा लागलेला नाही."

लेकीने हात पुढे केला. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. एवढं छोटं लोखंड, पण ते हातातून सुटता सुटेना.

"राहू दे गं त्यांच्याकडे," बायको म्हणाली. "सामान फार जपून आणतात. पट्टा लावून, पांघरूण घालून. परत जाताना मशीन त्यांच्याबरोबर, मी बसने."

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली आणि तिच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, की बसमध्ये काही त्रास तर झाला नाही ना.

"छे. फार चांगला होता हो कंडक्टर. मी विचारलं त्याला, दोन-दोनदा का मोजतोस बाबा? तर म्हणाला, आम्हाला ट्रेनिंगला एक मास्तर होते, त्यांची शिकवण आहे. नुसता आकडा जुळून भागत नाही, प्रत्येकाचं तोंड बघायचं."

मास्तरांची पाठ आपोआप ताठ झाली. सगळ्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "माझं नाव सांगितलं त्याने?"

"सांगितलं ना. मला विचारत होता, तुमच्याच गावचे आहेत, ओळखता का."

"मग? तू काय म्हणालीस?"

बायकोने मशीनवरची शाल काढून नीट घडी घातली.

"म्हटलं, नाही बाई. हे कोण, मी नाही ओळखत."