इमामचाचांचं दुसरं टोपण

इमामचाचांच्या सदऱ्याच्या खिशाला दोन टोपणं अडकवलेली असत, पेन मात्र एकच. हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले. खिशावर दोन क्लिपा चमकत असल्या की खाली दोन पेनं असणार असंच माणूस धरून चालतो. एकदा फायलींचा गठ्ठा उचलायला ते वाकले आणि त्यातलं एक टोपण टुणकन फरशीवर पडलं. तांबड्या रंगाचं, क्लिपेजवळ चेपलेलं आणि आतून पोकळ. मी उचलून दिलं. त्यांनी ते फुंकलं, रुमालानं पुसलं, परत खिशाला लावलं आणि म्हणाले, "वसंतराव, आपलं काम करा."

कचेरीतल्या शिपायाचं मत होतं की चाचा नुसता रुबाब करतात. दोन पेनं दिसली की साहेबाला वाटतं, माणूस दोघांचं काम करतो. मलाही बरेच दिवस ते पटलं होतं.

मी तेव्हा बारामतीला कालव्याच्या कचेरीत नवा कारकून म्हणून लागलो होतो. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती, पण आमच्या टेबलांवरून दौत आणि टाक काही हलले नव्हते. शेतकऱ्यांचे पाण्याचे अर्ज घ्यायचे, पाळ्या लिहायच्या, उसाला पाणी किती आणि भुईमुगाला किती ते रजिस्टरात उतरवायचं, असं काम. चाचांचं टेबल माझ्या शेजारी. वय पन्नाशीचं, अंग काटक, डोक्यावर काळी टोपी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. कसब्यात एका खोलीत ते एकटेच राहत. रोज टपाल आलं की पोस्टमनला एकच विचारत, "माजं काय?" तो म्हणे, "न्हाय चाचा." मग दोघंही तंबाखू मळत. ही त्या दोघांची रामराम घालायची रीत आहे असं मी समजत असे.

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला टाक काढून घेतला. "ह्यो टाक हाय का खुरपं?" म्हणाले. "दर चार अक्षराला दौतीत बुडी मारायची. मानसाचा इचार तुटतो अशानं. पेन घ्या."

गुरुवारच्या बाजाराला ते स्वतः माझ्याबरोबर पेठेतल्या पेनांच्या दुकानात आले. चाचा पायरी चढताना दिसले की तो दुकानदार हातातलं गिऱ्हाईक सोडून देवाची आठवण काढत असावा. मला एक सोनेरी पट्ट्याचं हिरवं पेन फार आवडलं होतं. चाचा म्हणाले, "लगीन करायचंय का लिव्हायचंय?" आणि ते मागं सारलं. मग एकेक पेन घेऊन, निब शाईत बुडवून कागदावर चालवायची आणि कान खाली नेऊन ऐकायचं. "वरबाडती. ठिवा खाली. ही तर मांजरीवानी नखं काढती. ही बी न्हाय." सातव्या पेनाला त्यांनी डोळे मिटले. "हां. हिची जीब मऊ हाय." ते पेन शेणकुटाच्या रंगाचं होतं. मी मुकाट्यानं घेतलं.

पेन घेणं सोपं होतं, चालवणं अवघड. वड्या पाण्यात विरघळवून शाई करायची, फडक्यानं गाळायची, काचेच्या ड्रॉपरनं थेंब थेंब पोटात सोडायची. पहिल्या दिवशी मी आळस करून अर्धंच भरलं. दुपारी कचेरी तापली, पेन तापलं, आणि माझ्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर पापडाएवढा निळा डाग पडला. चाचांना माझी दया आली नाही. "पेन आर्धं ठिवू नगा," ते म्हणाले. "मानूस काय आन पेन काय, भरल्या पोटीच गुमान ऱ्हातंय."

त्याहून मोठी खोड म्हणजे मी दाबून लिहायचो. टाकाची सवय. मागच्या तीन पानांवर अक्षर उमटायचं. त्यावर चाचांचं ठरलेलं वाक्य होतं, "दाबू नगा. कागद काय पळून चाललाय व्हय?" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकत असे. रविवारी सकाळी पेन घेऊन त्यांच्या खोलीवर जायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, उलटं करून वाळवायचं. पेन धुवायची पितळी वाटी निराळी होती आणि ती त्यांच्या जेवणाच्या वाटीपेक्षा लख्ख होती. पेन वाळेपर्यंत चहा व्हायचा. मला वाटायचं मी पेनासाठी जातो. चाचा मात्र शनिवारीच दोन माणसांचं दूध सांगून ठेवत.

आता त्यांच्या कायद्याबद्दल सांगतो. कचेरीत पेन मागणारे रोज पन्नास. चाचा कुणालाही नाही म्हणत नसत, पण टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवत आणि नुसतं पेन देत. "टोपन ज्याच्याकडं, पेन त्याच्याकडं," असं ते शांतपणे सांगत. बिनटोपणाचं पेन कुणाला खिशात घालता येत नाही, पिशवीत टाकता येत नाही, विसरून नेता येत नाही. एकदा पुण्याहून मोठे साहेब आले. सहीला त्यांनी पेन मागितलं. आमच्या साहेबांनी डोळ्यांनी किती खुणा केल्या, पण चाचांनी टोपण काढून घेतलंच. मोठ्या साहेबांनी सही करून ते पेन सवयीनं कोटाच्या खिशात ठेवलं आणि जिना उतरले. चाचा जागचे हलले नाहीत. पाच मिनिटांत साहेब स्वतः वर आले, कोटाला निळी नक्षी घेऊन. चाचांनी टोपण लावलं आणि अदबीनं विचारलं, "साहेब, लिंबू आनू का डागाला?"

कऱ्हाटीचा एक शेतकरी तर पेन कानावर ठेवून बैलगाडीत बसून गेला. दुसऱ्या दिवशी दहा-बारा मैल उलट आला. कान निळा, पटका निळा. "घ्या तुमची बला," म्हणाला, "रातभर कुठं ठिवावं त्येच सुदरंना."

"परत आलं का न्हाय?" चाचा मला म्हणाले. त्यांचा कायदा कधी चुकला नाही, असं सगळी कचेरी मानत होती.

एका दुपारी मी अर्ज लिहिता लिहिता जेवायला उठलो आणि पेन उघडंच टेबलावर राहिलं. परत आलो तर चाचा माझ्या टेबलाशी उभे. निब वाळून खडखडीत झाली होती. त्यांना कुणी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी मी पाहिलं. "टोपन कशापायी दिलंय त्याला? वाळली की निब. मुकं झालं की पेन." मी म्हणालो, "चाचा, धुतलं की चालेल." ते म्हणाले, "सगळंच चालत न्हाय धुऊन." आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले.

मी पाठोपाठ गेलो. बऱ्याच वेळानं त्यांनी खिशावरचं तांबडं टोपण काढून माझ्या हातात ठेवलं.

त्यांना दस्तगीर नावाचा धाकटा भाऊ होता. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा चाचांनीच त्याला वाढवला, फायनलपर्यंत शिकवला. त्याला मुंबईला गोदीत काम मिळालं. "गाडीवर सोडाया गेलो," चाचा सांगू लागले. "म्हनला, भाई, पत्ता लिहून देतो. मी पेन दिलं. टोपन ठिवलं हातात. सवयीनं. त्यानं लिव्हलं, कागद दिला, आन दौंडची गाडी हालली. माज्या हातात पत्ता आन टोपन, पेन गेलं गाडीत."

महिन्यानं त्याचं पत्र आलं. सगळी खुशाली होती आणि खाली लिहिलं होतं, पेन सारखं वाळतं, टोपण पार्सलनं धाडून दे.

"मग धाडलं नाही?" मी विचारलं.

"न्हाय. मी लिव्हलं, टोपन हितंच हाय, ईदीला ये आन घिऊन जा. म्या म्हनलं, टोपन आपल्याकडं हाय, जातोय कुठं." त्यांनी माझ्या हातातलं टोपण परत घेऊन खिशाला लावलं. "ईद झाली. त्यो न्हाय आला आन पत्र बी न्हाय. मी तीन धाडली, तिन्ही परत आली. मुंबईला जाऊन बघितलं. कुनी म्हनलं बोटीवर गेला. नऊ वरसं झाली."

मी तेव्हा विशीतला शहाणा. म्हणालो, "चाचा, मुंबईत टोपणं विकत मिळतात की. टोपणावाचून कुणाचं लिहिणं थांबतं का?"

"इकत मिळतंय, ठावं हाय मला," ते म्हणाले. "पन त्यानं माज्याकडं मागितलं हुतं."

पोस्टमनला रोज विचारलेलं 'माजं काय' मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं, आणि शिपायाबरोबर मीही चाचांना हसलो होतो याची लाज वाटली.

पुढच्या वर्षी माझी इंदापूरला बदली झाली. चाचा एस.टी. स्टँडवर आले. गाडीत बसताना मला वाटलं, त्यांना बरं वाटेल असं काहीतरी करावं. मी खिडकीतून माझ्या पेनाचं टोपण काढून त्यांच्यापुढं धरलं. "राहू द्या तुमच्याकडं. न्यायला येईन मी."

त्यांनी ते घेतलं, खिडकीतून हात आत घातला, माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण फिरवून घट्ट बसवलं आणि माझ्या खिशात ठेवलं. "टोपन घिऊन जा, वसंता," ते म्हणाले. वसंतरावचा वसंता मी तेव्हा पहिल्यांदा झालो. "यायचं आसलं तर तू तसा बी येशील. पत्र तेवढं लिव्ह." गाडी सुटली तेव्हा ते रुमालानं खिशावरचं टोपण पुसत होते.

मी दर सोमवारी कार्ड टाकत असे. त्यांचं उत्तर गुरुवारपर्यंत येई. बोलणं गावरान, पण कागदावर उतरले की चाचा पक्के कारकून होत. 'आपले दिनांक मजकूरचे कार्ड पोहोचले. अक्षर अद्याप दाबून येते. सुधारणा व्हावी.' असा मजकूर असे.

पावसाळ्यानंतर मी बावड्याकडे पाहणीला गेलो होतो. कालव्याच्या चारीच्या काठावर उभ्या उभ्या नोंद करताना टोपण हातातून सुटलं आणि गढूळ पाण्यात गेलं. दोन गड्यांनी खाली जाऊन चाचपलं, सापडलं नाही. त्या सोमवारचं कार्ड मी पेन्सिलीनं लिहिलं. गंमत म्हणूनच लिहिलं होतं, की चाचा, टोपण चारीत गेलं, पेन वाळतंय, इंदापुरात जोडाचं मिळत नाही, आता बारामतीला येईन तेव्हा पेठेत बघू, तोवर पत्राला उशीर झाला तर रागावू नका.

बुधवारी सकाळी बारामतीच्या गाडीचा कंडक्टर माझ्या कचेरीत आला. हातात दोऱ्यानं बांधलेली काडेपेटी होती. "कसब्यातल्या चाचांनी दिलीया. म्हनले, त्यांच्याच हातात द्या."

मी दोरा सोडला. आत कापूस, कापसात टोपण होतं. तांबडं, क्लिपेजवळ चेपलेलं. नऊ-दहा वर्षं त्यांच्या खिशावर राहून त्याच्या एका बाजूचा रंग उडाला होता. सोबत चिठ्ठी होती, सरळ रेघेत, न दाबता लिहिलेली.

'विनंती विशेष. सोबत टोपण नग एक पाठविले आहे. आटे न जुळल्यास दोरा गुंडाळावा. निब वाळू देऊ नये. पोहोच कळवावी.'

आणि खाली, कारकुनी बाजूला ठेवून, एक ओळ होती. 'या खेपेला उशीर केला न्हाय.'

आटे जुळले नाहीत. मी दोऱ्याचे दोन वेढे घातले, मग ते बसलं. पोहोच त्याच दुपारी लिहिली. अक्षर फार दाबून आलं, आणि त्यावरून पुढच्या कार्डात मी बोलणी खाल्ली.