सगुणामावशीचं दुसरं गाठोडं

एका सत्तरीच्या विधवा बाईचं लुगडं मी भर दुपारी चर्चच्या हॉलमध्ये टराटरा फाडलं. समोर भगिनी मंडळाच्या अकरा बायका होत्या, त्यांत माझीही बायको होती, आणि दारात पाळकसाहेब उभे होते. लुगडं त्या बाईच्या अंगावर नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण गोष्ट साताऱ्याहून कोरेगावला पोचेपर्यंत नेमका तेवढा तपशील गळला होता, आणि पुढे सहा महिने तिकडच्या बायका मला पाहून पदर सावरत होत्या.

ती बाई म्हणजे सगुणामावशी. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिशन कमिटीचा सेक्रेटरी झालो. झालो म्हणजे मीटिंगला उशिरा पोचलो. तोवर बाकी सगळ्यांचं नाही म्हणून झालं होतं. मावशी कमिटीची मेंबर नव्हती. कमिटीच मावशीची मेंबर होती.

मावशी कुणाच्याही घरी ‘सलाम’ म्हणून शिरायची, पण बसायची नाही. आधी खुंट्या बघायची, मग फडताळ, मग खाटेखाली वाकायची आणि विचारायची, “दोन हायत का?”

बायबलात योहान बाप्तिस्मा करणाऱ्याने दोन अंगरखे असणाऱ्याला त्यातला एक देऊन टाकायला सांगितलं आहे. मावशीला अंगरख्यापाशी थांबायचं काही कारण दिसलं नव्हतं. छत्र्या, कंदील, पातेली, स्वेटर, जे दोन दिसेल त्यातलं एक तिच्या पिशवीत जायचं. “दोन हायत न्हवं? मग एक प्रभूचं.” आमच्याकडे लग्नात आलेली गजराची दोन घड्याळं होती. एका गजराने मला जाग येत नाही, म्हणून दोन लागतात, असं मी कळवळून सांगितलं.

“मग लवकर निजा की,” म्हणाली आणि घड्याळ घेऊन गेली. ते पाटणकडच्या एका वसतिगृहात पोरांना उठवू लागलं आणि मी ऑफिसात उशिरा पोचू लागलो.

पाळकसाहेबांच्या टेबलावर तिला दोन चष्मे दिसले. एक लांबचा आणि एक जवळचा आहे, हे ते सांगेपर्यंत जवळचा गेला होता. पुढचे तीन रविवार त्यांनी शास्त्रपाठ हात लांब करकरून वाचला. कोरेगावच्या एका बागायतदाराकडे तर तिने दोन ट्रॅक्टर पाहिले.

“आवं मावशे, ट्रॅक्टर हाय त्यो, शेंगदाणं न्हवं!” तो बिचारा ओरडला.

“म्या कुटं काय म्हनलं? दोन हायत का, येवढंच इचारलं.”

ट्रॅक्टर वाचला, पण ज्वारीची चार पोती सुटली, आणि ती त्याच ट्रॅक्टरने साताऱ्यात आली. मंडळीत एकीला जुळी झाली, तेव्हा मावशी दारात दिसताच बाळंतिणीने एकाला आतल्या खोलीत नेऊन निजवलं, अशी थाप मी उठवली होती. लोकांनी ती खरी मानली.

तिच्या घरात मात्र एक ताट, एक वाटी, एक तांब्या. पाहुणा आला तर तो जेवून उठल्यावर ताट विसळून मावशी जेवायला बसायची. नेसतं लुगडं धुतलं की वाळेपर्यंत शेजारणीचं नेसायची. त्यामुळे तिला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मोठ्या माणसांच्या आठवणीत आमच्याकडे परदेशातून पेट्या यायच्या. त्यांत दुधाची भुकटी आणि लोकरीचे जुने कोट असायचे. साताऱ्याच्या उन्हात ते कोट घालून आमची वडीलमंडळी भक्तीला बसायची आणि घामानेच अर्धी शुद्ध व्हायची. मावशीला त्या पेट्यांची सल होती. “घेतलं लय. आता आपुन धाडायचं,” ती म्हणायची. आमच्यातलीच एक नर्स आफ्रिकेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात गेली होती. तिथे पट्ट्या कमी पडतात, असं तिचं पत्र आलं. सांगलीकडच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याला आमच्या बायका पट्ट्या देतच होत्या. जुनी पांढरी धोतरं, लुगडी उकळायची, चार बोटं रुंद फाडायची, गुंडाळ्या करायच्या. आता तसंच एक पार्सल समुद्रापलीकडे जाणार होतं. मांजरपाटाच्या कापडात शिवून त्याला लाखेची मोहर लावायची, एवढंच काम माझ्याकडे होतं. तेवढंच ठेवायला हवं होतं.

त्या शनिवारी मावशी कोरेगावला गेली होती. जाताना निरोप ठेवला होता, “खाटंखालचं गाठोडं हॉलवर न्या. मी दुपारपतुर येते.” मी शेजारणीकडून किल्ली घेतली, दार उघडलं, खाटेखाली वाकलो आणि थक्क झालो. खाली दोन गाठोडी होती.

मावशीकडे दोन! पाळकसाहेबांनी दोन बायका केल्याचं कळलं असतं तरी मला इतका धक्का बसला नसता. एक गाठोडं धोतरांचं होतं, सैल बांधलेलं. दुसरं स्वच्छ फडक्यात, सेफ्टी पिना लावून. “दोन हायत का?” मी रिकाम्या खोलीला विचारलं, स्वतःच्या विनोदावर पोटभर हसलो आणि दोन्ही उचलली.

हॉलमध्ये दुसरं गाठोडं मीच सोडलं. आत पांढरं लुगडं, काठाला बारीक निळी रेघ.

“अहो, याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय,” बायको म्हणाली. “नीट जपून ठेवलेलं दिसतंय. मावशी येईपर्यंत थांबा.”

“जखमेचं कापड आहे, जपणारच,” मी म्हणालो. काठ जखमेला टोचतो एवढं ज्ञान मला होतं. मी आधी काठ वेगळा केला, मग दातांनी सुरुवात करून ओढलं. जुनं कापड, टर्र करून लोण्यासारखं फाटलं. मला इतकी मजा आली की बायका एक गुंडाळी करेपर्यंत मी चार पट्ट्या फाडत होतो.

शेवटची पट्टी हातात असताना मावशी आली. मागे हमाल ज्वारीचं पोतं टाकून गेला.

“ह्ये कुटं घावलं?” तिने विचारलं.

“खाटेखाली,” मी डोळा मिचकावला. “दोन होती, मावशी!”

मावशी पोत्यावर बसली. तिचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. चोरी करताना सापडलेल्या माणसाचा असतो तसा.

“माज्या लग्नाचं हाय त्ये,” ती म्हणाली. “मला पुरताना नेसवायचं हुतं.”

“अगं बाई गं,” कुणीतरी पुटपुटलं. पाळकसाहेबांनी उरलेला चष्मा काढला. माझ्या दातात अजून एक सूत अडकलेलं होतं आणि ते काढायचं धाडस मला होत नव्हतं.

“लगीन लागलं आन् नवव्या दिशी त्यो पलटनीत गेला, त्यो गेलाच. त्येच्या डोळ्याम्होरं मी आठरा वर्साची हाय. आता ह्ये असलं बोचकं वर गेल्यावर त्यो वळखंल व्हय? म्हनलं, तोंड न्हाई तर लुगडं तरी वळखंल.”

“मावशी, मी नवं आणतो. आजच्या आज. भारीतलं!”

“नवं त्येनं कवा बघितलंय?”

“मग शिवून घेतो. शिंप्याकडून, एकाला एक जोडून...”

“तुम्ही आता गप्प बसाल का?” बायको म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा मला ती आज्ञा दिलाशासारखी वाटली.

मावशी म्हणाली, “त्येंच्यावर नगा चिडू, बाई. समद्यास्नी लुटलं म्या, आन् ह्ये तेवढं दडवून ठिवलं. शेक्रेटरीनं बराबर पकडलं.”

मला कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

मावशीने एक पट्टी उचलली. चार बोटं आडवी धरून मापली. मांडीवर ठेवली. मग विचारलं, “इंग्रजाच्या लढाईत त्योबी आफ्रिकेलाच हुता. तितल्या दवाखान्यातनं त्येचं शेवटचं पत्र आलं, दुसऱ्याकडनं लिवून घेतल्यालं. पायाला पट्ट्या बांधल्यात्या, बांधनारी लय हळू हाताची हाय, काळजी करू नगं. मागनं तार आली. आपलं पार्सल जातंय त्यो मुलूख त्योच का ओ?”

तो नव्हता. दोन देशांमध्ये जवळजवळ आख्खा खंड होता. थापा मारण्यात माझा हात धरणारा साताऱ्यात कुणी नव्हता, पण त्या क्षणी एक थाप निघेना.

“नाही, मावशी. फार लांब आहे.”

“आसू दे,” ती म्हणाली. “तितंबी पडलीच असतील मानसं.”

आणि ती गुंडाळायला लागली. सफाईने, पट्टीला एक सुरकुती पडू न देता. बाकीच्या बायकाही हळूहळू बसल्या. निळ्या काठाचे तिने तुकडे केले आणि एकेका गुंडाळीला दोरीसारखे बांधले. मीही एका कोपऱ्यात मान खाली घालून गुंडाळत होतो. डोळे भरले, मग नाक भरलं. कुणाला दिसू नये म्हणून मी तोंड भिंतीकडे केलं आणि हातात होतं त्यानेच नाक पुसलं.

“आवं शेक्रेटरी!” मावशी कडाडली. “जखमंला बांधायचंय त्ये! शेंबूड कसला पुसताय? ठिवा खाली, आन् भाईर जाऊन हात धुवून या!”