ज्यूनीने गाठलेलं दार

व्हर्नन स्टिडमची शिकारी कुत्री ज्यूनी अकरा वर्षांची झाली होती. आता तिला रकूनच्या, त्या रात्री हिंडणाऱ्या केसाळ जनावराच्या मागे पळवू नकोस, असं बायको ओडेसा पानगळ सुरू झाल्यापासून सांगत होती. तरी शनिवारी अंधार पडताच व्हर्नन शेजारच्या क्लीटसला घेऊन टेकडीच्या पायथ्याशी गेला आणि त्याने ज्यूनीला सोडलं.

पाऊण तास काहीच ऐकू येईना. क्लीटसने थर्मासमधली कॉफी संपवली आणि म्हातारी कुठेतरी झोपली असेल, असं भीतभीत सुचवलं. तेवढ्यात टेकडीपलीकडून भुंकणं ऐकू आलं. एका जागचं, ठाम, न थांबणारं. रकून झाडावर चढला की ज्यूनी असंच भुंकायची.

व्हर्ननने क्लीटसचा दंड धरला. "ऐक," तो म्हणाला. "म्हणे म्हातारी झाली."

दोघं धावत सुटले. ओढ्यात व्हर्ननचा एक बूट चिखलात रुतला, तो काढायला वाकला तर बॅटरी पाण्यात गेली. पुढे काटेरी झुडपांत क्लीटसची विजार फाटली. टेकडी उतरल्यावर क्लीटस एकदम थांबला. समोर झाड नव्हतंच, होबर्टचं घर होतं.

होबर्ट म्हणजे व्हर्ननचा सख्खा भाऊ. कुंपण कोणाच्या हद्दीत, यावरून दोघं सहा वर्षं बोलत नव्हते. आणि ज्यूनी त्याच्याच स्वयंपाकघराच्या दारावर पुढचे पाय टेकवून भुंकत होती.

व्हर्नन गुपचूप मागे फिरणार, तोच दार उघडलं. होबर्टच्या हातात मक्याच्या पावाचा तुकडा होता.

"दुपारी खाऊन गेलीस ना गं?" तो कुत्रीला म्हणाला. मग त्याला हे दोघं दिसले, एक एका बुटात, दुसरा विजार धरून.

"रोज येते?" व्हर्ननने विचारलं.

"तीन वर्षं झाली." होबर्ट पावाकडे बघत राहिला. "तुझं मात्र काही सांगत नाही. कितीदा विचारलं."

 व्हर्नन पायरीवर बसला आणि ओला मोजा पिळू लागला. होबर्टने आतून कोरडे मोजे आणून दिले. क्लीटसला सुईदोरा हवा का, असं कोणी विचारलं नाही, पण त्याचीही काही तक्रार नव्हती.

व्हर्नन घरी पोचला तेव्हा ओडेसा जागीच होती. मिळालं का काही, असं तिने विचारलं.

"एक म्हातारा मिळाला," व्हर्नन म्हणाला. "उद्या जेवायला येतोय."