पेशंटचा नातेवाईक

नोकरीला आईचा विरोध नव्हता. करायचा म्हटलं तरी कारण सापडलं नसतं, कारण नोकरी गाद्यांच्या कारखान्यात होती. तयार झालेली गादी पुरेशी मऊ आहे की नाही, हे तिच्यावर पडून बघायचं, असं कामाचं स्वरूप. हिमोफिलिया असलेल्या मुलासाठी आईने स्वतः नोकरी शोधली असती, तरी याहून बरी मिळाली नसती. अडचण एकच होती. कारखाना दुसऱ्या गावात होता.

“तिथे तुला इंजेक्शन कोण देणार?” आईने विचारलं.

“मीच घेणार.”

“तू?”

“दवाखान्यात सिस्टरांनी शिकवलंय. कितीतरी दिवस झाले, मीच घेतोय. तुम्ही दोघं बाहेर भिंतीकडे तोंड करून बसता, म्हणून तुम्हाला माहीत नाही.”

हे खरं होतं. चिरंजीवांच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारा एक घटक जन्मापासून कमी होता. लहानपणी काही कारण नसताना गुडघा आतल्या आत रक्ताने भरायचा आणि महिनाभर शाळा बुडायची. आता तोच घटक आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, काही व्हायच्या आधीच, शिरेतून आत सोडायचा. मग चिरंजीव चारचौघांसारखे. हे डॉक्टरांना पटलं होतं, चिरंजीवांना पटलं होतं. घराला पटलं नव्हतं.

घरातला प्रत्येक कोपरा आईने स्पंज आणि कापूस लावून गोल केला होता. टेबल, कपाटं, पलंग, बाबांच्या चष्म्याच्या काड्या, सगळं. भाजी चिरली जात नसे, हाताने मोडली जाई. काकांचं सुऱ्या-कात्र्यांचं दुकान होतं. ते आले की दारातच न सांगता खिसे उलटे करून दाखवत. या बंदोबस्तामुळे त्या घरात वर्षानुवर्षं कोणी रक्ताचा थेंब पाहिला नव्हता. आपली सवय मोडली आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“ठीक आहे,” आई म्हणाली. “रविवारी माझ्यासमोर स्वतः टोचून घेऊन दाखव. दाखवलंस तर जा. नाही तर तो विषय बंद.”

रविवारी आईने जेवणाचं टेबल स्पिरिटने पुसलं. स्पंजात जंतू असतात म्हणून टेबलाच्या कोपऱ्यांचा स्पंजही काढून टाकला. शीर वर यावी म्हणून चिरंजीव गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसले. काका साक्षीदार म्हणून आले होते.

“मला बोलावलंत ते बरं केलंत,” काका म्हणाले. “दिवसभर धारच बघतो मी. आण ती बाटली, हलवून देतो.”

“हलवायची नाही, काका. फेस होतो. नुसती तळहातात फिरवायची.”

“औषध आहे की अत्तर?” असं म्हणत काकांनी ती फिरवली.

चिरंजीवांनी हात पुसला, औषध पिचकारीत भरलं, घमेलं खाली जमिनीवर ठेवलं, दंडाला पट्टा बांधला आणि सुई आत घातली. सुईला जोडलेल्या बारीक नळीत लाल ठिपका उमटला. शीर बरोबर सापडल्याची ती खूण. सिस्टर तो ठिपका दिसला की “शाब्बास” म्हणत.

बाबा म्हणाले, “अरे, हे तर...” आणि भिंतीला टेकवलेली शिडी कलंडावी तसे, कुठेही न वाकता, कलंडले. वाटेत टेबलाचा उघडा कोपरा होता. तो कपाळाला लागला.

“दादा,” म्हणत काका धावले. त्यांचा पहिला पाय घमेल्यात पडला. घमेलं काकांना घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं आणि तिथे त्यांना उतरवलं. काकांचं कोपर उंबऱ्यावर फुटलं. त्यांनी कोपराकडे एकदा पाहिलं आणि ते तिथेच आडवे झाले.

“बाळा, तू हलू नकोस,” आई म्हणाली.

“मला हलताच येत नाही, आई. सुई आत आहे.” चिरंजीवांनी पट्टा सोडला आणि पिचकारीचा दट्ट्या हळूहळू दाबायला घेतला. हे औषध घाईने सोडायचं नसतं. “बाबा, कपाळावर रुमाल दाबा. जोरात. सारखं उचलून बघू नका.”

“मी शुद्धीत नाही,” बाबा म्हणाले.

“असू दे. दाबा तरी.”

आई प्रथमोपचाराच्या पेटीकडे धावली. पेटी रिकामी होती. तिच्यातला सगळा कापूस फर्निचरला लागला होता. तिने कपाटाच्या दाराचा कापूस दोन्ही हातांनी खेचला. कापूस आला, त्याच्यामागून दारही आलं आणि आईच्या कपाळावर थांबलं.

“लागलं?” चिरंजीवांनी विचारलं.

“मला काय धाड भरलीय,” आई खाली बसत म्हणाली. “तुझं झालं का?”

“थोडं राहिलंय.”

दट्ट्या तळाला गेला. चिरंजीवांनी सुई काढली, जागा नीट दाबून धरली, मग उठून बाबांचं कपाळ बांधलं, काकांचं कोपर बांधलं, आईच्या टेंगळावर बर्फ धरला आणि टॅक्सी बोलावली.

अपघात विभागात डॉक्टरांनी दारातल्या चौघांकडे पाहिलं. तिघे रक्ताने किंवा टेंगळाने सजलेले, चौथा धडधाकट. मग त्यांची नजर चौथ्याच्या मनगटावरच्या कड्यावर गेली. त्यावर आजाराचं नाव कोरलेलं होतं.

“यांना आधी घ्या,” डॉक्टर म्हणाले. दोन माणसांनी चिरंजीवांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलंसुद्धा. बाबा कपाळ धरून बाजूला झाले. त्यांची तशी सवयच होती.

“अहो, मला काही झालेलं नाही,” चिरंजीव म्हणाले. “मी पेशंट नाही. मी पेशंटचा नातेवाईक आहे.”

आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. ते इतकं आवडलं, की त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

“मग नातेवाईक आत कशाला?” सिस्टरबाई म्हणाल्या. “बाहेर बसा.”

चिरंजीव बाहेर बसले. आतून बाबांचा “हळू” असा आवाज आला, आणि त्यांनी आपोआप भिंतीकडे तोंड केलं.

टाके घालून झाल्यावर आई शेजारी येऊन बसली.

“तू जा,” ती म्हणाली. “तुझं तू बघशील. कठीण आमचं आहे.”

“मी फोन करेन ना.”

“नुसता नाही. इंजेक्शन घेताना व्हिडिओ कॉल करायचा. मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.”

चिरंजीव गेले. कामाला लागल्यावर त्यांनी तपासलेल्या पहिल्या तीन गाद्या घरी पाठवल्या. ठरलेल्या दिवशी सकाळी फोन समोर उभा केला आणि कॉल लावला. पडद्यावर घर दिसलं, म्हणजे छत दिसलं. मधोमध पंखा फिरत होता.

“आई, दिसतेस कुठे?”

“आम्ही आधीच आडवे झालोय,” छताखालून आईचा आवाज आला. “तिघंही. तू कर सुरू.”

चिरंजीवांनी सुई घातली. नळीत लाल ठिपका आला.

“आला ठिपका,” ते म्हणाले.

“शाब्बास,” छत म्हणालं. मग बाबांचा आवाज आला, “गादी छान आहे रे.”